अमेरिकेतल्या डुकरांची मोजणी: तिमाही अहवाल वाचून पुढचे सहा महिने कसे ताडायचे

मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर. या चार महिन्यांच्या अखेरीला अमेरिकेचं कृषी खातं देशातल्या डुकरांचा हिशेब जाहीर करतं. वॉशिंग्टनला तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. आपल्याकडे पहिल्या तीन वेळा रात्रीचे साडेबारा आणि डिसेंबरात दीड. सोयापेंड आणि मक्याच्या व्यवहारातली आमच्यासारखी माणसं त्या रात्री जागी असतात. अमेरिकेत सोयापेंड सर्वांत जास्त खातात कोंबड्या, आणि त्यांच्याखालोखाल डुकरं. शिकागोचा सोयाबीनचा भाव हलला की लातूरच्या आडत्यालाही तो बघावाच लागतो. त्यामुळे आयोवातल्या गोठ्यात किती पिल्लं जन्मली याच्याशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

हा अहवाल सगळ्यांना फुकट मिळतो. तरीही बहुतेक लोक त्यातला एकच आकडा वाचतात, एकूण डुकरांचा, आणि तिथेच थांबतात. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण खरा माल आतल्या तक्त्यांत आहे. कृषी अर्थशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि वायदेबाजारात नव्यानं आलेल्यांसाठी मी तो वाचायची माझी पद्धत इथे क्रमानं मांडतो.

पायरी १: मोजणी कशी होते ते आधी समजून घ्या

अहवालाचं नाव ‘क्वार्टर्ली हॉग्ज अँड पिग्ज’. तो काढते कृषी खात्याची राष्ट्रीय कृषी सांख्यिकी सेवा, म्हणजे नॅस. मोजणीचा दिवस ठरलेला असतो: १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर, १ डिसेंबर. त्या दिवशी तुमच्याकडे किती डुकरं होती, हे पालकांना टपालानं, इंटरनेटवरून किंवा फोनवरून विचारतात. मोठ्या पालकांना शक्यतो सगळ्यांनाच विचारतात, लहानांतून नमुना निवडतात. आलेली उत्तरं कत्तलीच्या आणि आयात-निर्यातीच्या आकड्यांशी ताडून बघतात आणि मग आकडा ठरवतात. म्हणजे आपल्या पशुगणनेसारखं घरोघर जाऊन डोकी मोजलेली नसतात, हा अंदाज असतो. तो किती मागेपुढे होऊ शकतो, हे सांगणारं एक पान अहवालाच्या शेवटी असतं. ते एकदा तरी वाचाच.

भावावर परिणाम करणारे असे अहवाल कडीकुलपात तयार होतात. दारावर पहारा, खिडक्या बंद, फोन तोडलेले. यामागे १९०५ सालचं कापसाचं प्रकरण आहे. तेव्हा खात्यातल्याच एका माणसानं खिडकीचा पडदा वर-खाली करून बाहेरच्या सटोडियाला कापसाच्या पिकाचा आकडा आधीच कळवला होता. आजही ठरलेल्या मिनिटाच्या आधी आकडा कोणाच्याच हाती पडत नाही. वायद्याचा दिवसाचा बाजारही तोवर मिटलेला असतो, त्यामुळे भावातली हालचाल दिसते ती पुढच्या सत्रात.

आकड्यांची ढोबळ मापं डोक्यात पक्की असू द्या. अमेरिकेत साधारण साडेसात कोटी डुकरं असतात. त्यातली जेमतेम ६० लाख पैदाशीची, बाकीची मांसासाठी वाढवलेली. एकट्या आयोवा राज्यात देशातली जवळपास एक तृतीयांश. त्यामागे मिनेसोटा आणि नॉर्थ कॅरोलायना.

पायरी २: मार्चच्या शेजारी मार्चच ठेवा

मी नवखा असतानाची गोष्ट. मार्चचा अहवाल आला, एकूण आकडा डिसेंबरपेक्षा दोन टक्क्यांनी कमी दिसला, आणि मी सकाळच्या टिपणात ‘कळप घटतोय, भाव सुधारतील’ असं लिहून मोकळा झालो. कचेरीतल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, मला जवळ बसवून गेल्या आठ वर्षांचे डिसेंबरचे आणि मार्चचे आकडे एका कागदावर उतरवायला लावले. जवळजवळ प्रत्येक वर्षी तो आकडा डिसेंबरपासून मार्चपर्यंत उतरलेलाच होता. अण्णा एवढंच म्हणाले, “मार्चला गेल्या मार्चशेजारी बसव.”

डुकरांच्या संख्येला ऋतू असतो. सप्टेंबरच्या सुमाराला ती वर असते, वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कत्तल जोरात होते आणि मार्चला कळप हलका दिसतो. म्हणून तुलना नेहमी गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी. आणि गेल्या वर्षीचा आकडाही जुन्या अहवालातून घेऊ नका, नव्या अहवालात छापलेला सुधारित आकडा घ्या. नॅस मागचे आकडे दुरुस्त करत असते. दर पाच वर्षांनी होणाऱ्या कृषिगणनेनंतर तर कित्येक वर्षांचे आकडे एकदम बदलतात.

अजून एक गोम आहे. डुकरांचं वर्ष डिसेंबरात सुरू होतं. पहिली तिमाही डिसेंबर ते फेब्रुवारी, दुसरी मार्च ते मे, तिसरी जून ते ऑगस्ट, चौथी सप्टेंबर ते नोव्हेंबर. नेहमीच्या जानेवारी-मार्च तिमाहीशी हे जुळवायला गेलात की पुढचा सगळा हिशेब एक महिना सरकतो.

पायरी ३: पैदाशीच्या मादीपासून सुरुवात करा

तक्ता उघडल्यावर एकूण आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पैदाशीची डुकरं, मग तिमाहीत व्यालेल्या माद्या, मग एका वेताला किती पिल्लं जगली, आणि या दोन्हींचा गुणाकार म्हणजे पिल्लांचं पीक.

मादीचं गाभणपण ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असं तिकडचे पालक सांगतात, म्हणजे सुमारे ११४ दिवस. १ जानेवारीला फळलेली मादी २५ एप्रिलच्या आसपास विते. तीन आठवड्यांनी पिल्लांचं दूध तोडतात. जन्मापासून साधारण सहा महिन्यांनी डुक्कर २८० ते २९० पौंडांचं होऊन कत्तलखान्यात जातं. म्हणजे आपल्या उदाहरणातली पिल्लं ऑक्टोबरच्या अखेरीला. हे कॅलेंडर कोणत्याही भावाला बदलता येत नाही, आणि म्हणूनच डुकरांचा अंदाज बांधणं शक्य होतं. पुढच्या सहा महिन्यांत जे डुक्कर कापलं जाणार आहे ते आज जन्मलेलं आहे, आणि ते कुठल्या ना कुठल्या रकान्यात आहेच.

गुणाकार गोल आकड्यांत करून बघू. तिमाहीत २९ लाख माद्या व्याल्या आणि वेतामागे ११.६ पिल्लं जगली तर पीक ३ कोटी ३६ लाख ४० हजार. तेच वेतामागे ११.५ धरा, ३ कोटी ३३ लाख ५० हजार. दशांशातल्या त्या एका अंकानं २ लाख ९० हजार पिल्लं कमी झाली. देशात कामाच्या एका दिवसात पावणेपाच लाखांच्या आसपास डुकरं कापली जातात, म्हणजे अर्ध्या दिवसाहून जास्तीचा माल. माझं लक्ष म्हणूनच सगळ्यात आधी वेतामागच्या पिल्लांवर जातं. गेली कित्येक वर्षं हा आकडा हळूहळू चढतोय. पैदाशीची डुकरं कमी झाली तरी पिल्लं कमी होतीलच असं आता राहिलेलं नाही, आणि ‘पैदास घटली, तेजी येणार’ असं म्हणणारे इथेच फसतात.

इथे एक पडताळा घ्या. एका तिमाहीत पैदाशीच्या कळपातल्या साधारण निम्म्या डोक्यांइतक्या माद्या वितात. हे गुणोत्तर दर तिमाहीला वहीत लिहीत जा. कळप दोन टक्क्यांनी घटला आणि पुढच्या तिमाहीत विणाऱ्या माद्या मात्र एक टक्क्यानं वाढणार असं दिसलं, तर दोन्हींपैकी एक आकडा पुढे बदलणार हे धरून चाला.

पायरी ४: वजनाच्या गटांतून कत्तलीचं कॅलेंडर काढा

मांसाची डुकरं अहवालात चार गटांत असतात: ५० पौंडांखालची, ५० ते ११९, १२० ते १७९ आणि १८० पौंडांवरची. वजन म्हणजे इथे वयच. ५० पौंडांखालची बहुतेक नऊ-दहा आठवड्यांच्या आतली. १८० च्या वरची पाच महिन्यांकडे झुकलेली.

१८० वरचा गट मोजणीच्या तारखेपासून पाच-सहा आठवड्यांत कत्तलीला निघतो. त्यामागचा गट पुढच्या पाच-सहा आठवड्यांत. ५० ते ११९ चा त्यानंतर, आणि सगळ्यात लहान गट शेवटी. १ मार्चच्या अहवालापुरतं सांगायचं तर पहिला गट मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, दुसरा मेच्या मध्यापर्यंत, तिसरा जुलैच्या सुरुवातीपर्यंत आणि लहान पिल्लं थेट ऑगस्टपर्यंत. प्रत्येक गट गेल्या वर्षापेक्षा किती टक्क्यांनी कमी-जास्त आहे ते त्याच्या आठवड्यांपुढे मांडा. सहा महिन्यांच्या आवकेचा कच्चा आराखडा तयार झाला.

चारही गट सारखेच वर-खाली असतील तर फार विचार करायला नको. पण १८० वरचा गट तीन टक्के जास्त आणि लहान दोन्ही गट एक टक्का कमी असं दिसलं, तर जवळच्या महिन्याचा वायदा आणि दूरच्या महिन्याचा वायदा वेगवेगळ्या दिशेनं जाऊ शकतात. एकूण आकड्यात हे दिसत नाही.

लहान गटाबद्दल एक सूचना. कॅनडातून, मुख्यतः मॅनिटोबा आणि ऑन्टारिओतून, दूध तोडलेली लाखो पिल्लं दर वर्षी अमेरिकेत वाढवायला येतात. ती अमेरिकेच्या पिल्लांच्या पिकात नसतात, पण वजनाच्या गटात दिसतात. पीक स्थिर आणि ५० पौंडांखालचा गट वाढलेला दिसला तर आधी कॅनडाची आवक तपासा.

पायरी ५: कत्तलीशी ताडून बघा

बहुतेक लोक हे करत नाहीत, आणि अंदाज सुधारतो तो मात्र यानंच. अहवाल आला, टिपण लिहिलं, विषय संपला, असं होऊ देऊ नका. पुढचे सहा आठवडे कत्तलीचे आकडे लिहीत राहा. कत्तलखान्यात सरकारी निरीक्षक प्रत्येक डुक्कर बघतात, त्यामुळे हा आकडा मोजणीपेक्षा कितीतरी पक्का असतो आणि रोज मिळतो.

समजा १ मार्चच्या अहवालात १८० वरचा गट १ टक्क्यानं जास्त होता, पण पुढच्या सहा आठवड्यांत कत्तल ४ टक्क्यांनी जास्त झाली. गट सुमारे १ कोटी ३६ लाखांचा धरला तर तीन टक्के म्हणजे चार लाख डुकरं. ही चार लाख डुकरं आली कुठून?

आधी दिवस मोजा. गुड फ्रायडे आणि ईस्टर कधी मार्चात येतात, कधी एप्रिलात. कामाचे दिवस दोन्ही वर्षी सारखे नसतील तर एका दिवसाची सरासरी काढून तुलना करा. मग आकडा कुणाचा आहे ते बघा. एकूण कत्तलीत पैदाशीतून काढलेल्या म्हाताऱ्या माद्याही असतात. आपल्याला हवेत फक्त मांसासाठी वाढवलेले खच्ची नर आणि न व्यालेल्या माद्या. म्हाताऱ्या माद्यांची कत्तल वेगळ्या रकान्यात लिहा. ती सलग काही आठवडे गेल्या वर्षापेक्षा जास्त असली तर पुढच्या अहवालात पैदाशीचा कळप घटलेला दिसण्याची चिन्हं असतात.

एवढं करूनही फरक उरला तर वजन बघा. कापलेल्या डुकरांचं सरासरी वजन गेल्या वर्षापेक्षा उतरत असेल, तर पालक पुढच्या आठवड्यांतला माल आधीच काढतायत. भाव चांगला असला किंवा मका महाग झाला की असं होतं. मग त्या चार लाखांची तूट पुढे जाणवेल. पण वजन स्थिर किंवा वाढतं असेल, तर माल ओढून काढलेला नाही. डुकरं मुळातच अहवालात दाखवल्यापेक्षा जास्त होती. मग मागच्या गटांतही तेवढीच चूक असणार असं धरून त्यांचे टक्के वर सरकवा. पुढच्या अहवालात नॅस स्वतः आपला आकडा त्या दिशेला नेते, हे मी अनेकदा पाहिलंय. ज्यानं आठवड्याची वही ठेवली त्याला ते आधीच दिसलेलं असतं.

पायरी ६: एका तिमाहीच्या कत्तलीचा अंदाज

यासाठी कुठलंही भारी सॉफ्टवेअर लागत नाही. पिल्लांचं पीक आणि त्यानंतर दोन तिमाहींची कत्तल यांचं गुणोत्तर काढायचं. मार्च-मेचं पीक सप्टेंबर-नोव्हेंबरात कापलं जातं, जून-ऑगस्टचं डिसेंबर-फेब्रुवारीत. गेल्या तीन वर्षांत त्याच तिमाहीचं गुणोत्तर किती होतं ते बघा आणि सरासरी घ्या. यात वाटेत मेलेली डुकरं वजा होतात आणि कॅनडाहून आलेली मिळवली जातात, दोन्ही आपोआप.

उदाहरणासाठी पीक ३ कोटी ४० लाख आणि गुणोत्तर ०.९६ धरू. कत्तल येते ३ कोटी २६ लाख. तिमाहीच्या १३ आठवड्यांनी भागलं की आठवड्याला सुमारे २५ लाख. याला सोललेल्या डुकराच्या सरासरी वजनानं, सुमारे २१५ पौंडांनी, गुणलं की मांसाचा अंदाज. कृषी खातं दर महिन्याला मागणी-पुरवठ्याच्या अहवालात डुकराच्या मांसाचं उत्पादन सांगतं. तुमचा आकडा त्यापासून दूर असेल तर कुठे फरक पडला, डोक्यांत की वजनात, ते शोधा.

सहा महिन्यांच्या पलीकडे मात्र जमीन भुसभुशीत होते. तिथे हाताशी असतात फक्त पालकांचे इरादे: पुढच्या दोन तिमाहींत किती माद्या विणार, असं अहवालात विचारलेलं असतं. पहिल्या तिमाहीच्या इराद्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, कारण त्या माद्या बहुतेक फळलेल्या असतात. दुसऱ्याच्या बाबतीत माणसाचा बेत बदलू शकतो. तिथे मक्याचा आणि सोयापेंडीचा भाव, पालकाला सुटणारा नफा आणि म्हाताऱ्या माद्यांची कत्तल यांवर जास्त विसंबावं. भाव चढला म्हणून पालकानं आज सहा महिन्यांची मादी विकायची सोडून पैदाशीला ठेवली, तर ती फळायला दोन महिने, विण्याला चार, पिल्लं वाढायला सहा. तोवर वर्ष उलटलेलं असतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही हेच केलेलं असतं. तेजी-मंदीच्या या चक्राचा अभ्यास जर्मनीत आर्थर हानाउ यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीला केला. अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत शिकवतात तो याच धाग्यातला.

हिशेब मोडतो तो कुठे

२०१३ च्या वसंतात पिल्लांना जुलाबानं मारणारा पीईडी विषाणू अमेरिकेत शिरला. डिसेंबर ते फेब्रुवारी या तिमाहीत वेतामागची पिल्लं १०.०८ वरून ९.५३ वर आली. त्या हिवाळ्यात माद्या भरपूर होत्या, पण पिल्लं दूध तुटेपर्यंत टिकत नव्हती. नुसत्या माद्या मोजणारे तेव्हा साफ चुकले. रोगाची बातमी आली की गुणाकारातला दुसरा अंक आधी खाली आणा.

दुसरी अडचण कत्तलखान्यांची. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात इतकी डुकरं आली की कापायला जागा पुरेना, आणि जिवंत वजनाचा भाव पौंडाला १० सेंटच्याही खाली गेला. डुकरांची संख्या जेवढी वाढली त्याच्या कितीतरी पट भाव पडला. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये उलट बाजूनं तेच झालं. कामगार कोविडनं आजारी पडले, कत्तलखाने बंद झाले, आणि आठवड्याची कत्तल सुमारे एक तृतीयांशाने घटली. डुकरं गोठ्यात अडकून जड होत गेली. म्हणून पायरी ६ मधला आठवड्याचा आकडा आला की तो कत्तलखान्यांच्या क्षमतेच्या किती जवळ जातोय ते नक्की बघा, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबरात.

चीनचे आकडे, आणि आपले

हीच पद्धत चीनला लावता येते, फक्त तिथे नजर पैदाशीच्या माद्यांवर ठेवायची. तिकडचं कृषी मंत्रालय माद्यांची संख्या देतं आणि तिचं लक्ष्यही ठरवतं. ते लक्ष्य ४ कोटी १० लाख होतं, २०२४ मध्ये ३ कोटी ९० लाखांवर आणलं. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला आणि २०१९ च्या शरदापर्यंत माद्या वर्षभरापूर्वीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. मादी फळल्यापासून मांस बाजारात यायला दहा महिने, हे गणित तिथेही तेच. जगातलं सर्वाधिक सोयाबीन चीन विकत घेतो, तेव्हा त्या माद्या आपल्याही वहीत हव्यात.

भारतात असा तिमाही अहवाल नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ९०.६ लाख डुकरं मोजली गेली, २०१२ पेक्षा १२ टक्क्यांनी कमी, आणि सगळ्यात जास्त आसामात. पुढच्याच वर्षी आसामात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला. पाच-सात वर्षांतून एकदा येणाऱ्या गणनेत वजनाचे गट, वेतामागची पिल्लं, पुढचे इरादे हे काहीच नसल्यानं पायरी ३ सुद्धा पुरी होत नाही. ईशान्येतल्या लहान पालकाला पुढच्या सहा महिन्यांचा भाव ताडायला आज काही हाताशी नाही, आणि हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

वही

मी अजून साधी लांब वही वापरतो. एका पानावर एक अहवाल. डावीकडे पैदाशीची डुकरं, व्यालेल्या माद्या, वेतामागची पिल्लं, चार वजनगट आणि दोन इरादे, प्रत्येकापुढे गेल्या वर्षाचा सुधारित आकडा आणि टक्के. उजवीकडे सव्वीस ओळी, पुढच्या सव्वीस आठवड्यांसाठी: अपेक्षित कत्तल, झालेली कत्तल, कामाचे दिवस, सरासरी वजन. अहवालाआधी वृत्तसंस्था विश्लेषकांचे अंदाज छापतात, त्यांची सरासरी पानाच्या वर पेन्सिलीनं लिहून ठेवायची, कारण दुसऱ्या दिवशीचा भाव हलतो तो त्या सरासरीपासून आकडा किती लांब पडला यावर. डावी बाजू रात्री साडेबाराला अर्ध्या तासात भरून होते. उजवी बाजू दर शनिवारी, एकेक ओळ.